खराट्याचे व्रत : श्रीसंत गाडगे महाराज

आपल्या परीट समाजाचे कोणतेही कार्य असो, सभा असो, वधूवर-मेळावा असो वा विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो, मंडपात पाऊल टाकताच प्रथम दृष्टीस पडते ती श्रीसंत गाडगे महाराजांची तसबीर. अंगावर ठिगळांचे वस्त्र, मस्तकी फुटक्या मडक्याची खापरी आणि हाती खराटा. त्या तसबिरीस हार घातल्यावाचून आपल्या कार्यास आरंभ होत नाही, हे योग्यच आहे. परंतु घरातील एखाद्या शाळकरी मुलाने आपणांस विचारले की, इतर संतांच्या हाती वीणा वा टाळ असताना आपल्या या संतांच्या हाती खराटा का, तर त्याचे समाधान होईल असे उत्तर आपल्यापैकी किती जणांस देता येईल? ते उत्तर महाराजांच्या चरित्रातच आहे. यास्तव यंदाच्या स्मरणिकेत ते चरित्र आपल्या कुटुंबांपुढे थोडक्यात ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका गरीब परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. त्या काळी गावगाड्यात परीट हा बलुतेदार. गावाची वस्त्रे धुवावीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर उभे राहून मिळेल ते बलुते घ्यावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. ज्याने गावाचा मळ काढावा त्यासच गावाने हलके लेखावे, ही विपरीत रीत आपल्या वाडवडिलांनी मुकाट्याने सोसली.

झिंगराजींस मद्याचे व्यसन जडले व त्यातच त्यांचा अंत झाला. डेबूजी तेव्हा अगदीच अजाण होते. सखुबाई पोरक्या मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अक्षराची ओळख नसलेला हा गुराखी पुढे गावोगाव फिरून लोकांस मुले शाळेत घालावयास सांगणार होता, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही आले नसेल. गुरे राखता राखता ते नांगर धरू लागले आणि पाहता पाहता कसलेले शेतकरी झाले. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला.

याच काळात सावकारी पाश म्हणजे काय याचा जळता अनुभव या कुटुंबास आला. मामा चंद्रभान यांची कष्टाची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेली व त्या धसक्याने मामा गेले. बापाचा घास मद्याने घेतला, मामाचा कर्जाने. पुढील आयुष्यात महाराजांनी कीर्तनातून ज्या गोष्टींवर सतत प्रहार केले, त्या त्यांनी कोणत्या पोथीत वाचलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्या घरात घडल्या होत्या.

आपल्या समाजात तेव्हा बारसे असो की बारावे, मद्य-मांसाचे जेवण घातल्यावाचून चालत नसे. घरी कन्या जन्मास आली तेव्हा तिच्या बारशास डेबूजींनी भाऊबंदांस गोड जेवण वाढले. पंगतीत कुरबूर झाली, नाराजी झाली, परंतु ते डगमगले नाहीत. सुधारणेचा आरंभ त्यांनी दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या अंगणापासून केला, हे आम्हांस विशेष वाटते.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. वृद्ध आई, पत्नी व मुले मागे ठेवून ते निघाले. पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी अज्ञात भ्रमंती केली. या भ्रमंतीत ते कोणा गुरूच्या मठात जाऊन बसले नाहीत. कोणाची गाडी चिखलात रुतलेली दिसली तर खांदा द्यावा, कोणाच्या शेतात काम चालू असेल तर हात लावावा, आणि कष्ट केल्यावर मिळेल ती भाकरी खापरीत घेऊन पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. फुकटचे अन्न ते घेत नसत. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच आणि हाती ते मातीचे गाडगे. यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. जानोरकर हे नाव मागे पडले. कोणी जात विचारली तर ते ती सांगत नसत.

ऋणमोचनचा घाट

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीचा उतार घसरणीचा व चिखलाचा. म्हातारीकोतारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया स्नानास उतरताना घसरून पडत. यात्रा शतकानुशतके भरत होती, लोक शतकानुशतके पडत होते. प्रत्येकास त्याचा त्रास होता, परंतु तो उतार कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे त्याची चिंता कोणासच नव्हती. गाडगेबाबांनी तेथे प्रथम स्वतः माती व दगड वाहण्यास आरंभ केला. एक वेडा एकटाच खपतो आहे असे पाहून दोघे आले, दोघांचे दहा झाले, आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला.

महाराजांच्या साऱ्या कार्याची किल्ली या पहिल्या कामात आहे असे आम्ही समजतो. घर कोणाचे तरी असते, ते झाडले जाते. देऊळ देवाचे असते, त्यास पुजारी असतो. परंतु नदीचा उतार, यात्रेचे मैदान, वेशीबाहेरचा रस्ता, बाजारामागची मोकळी जागा ही सर्वांची म्हणून कोणाचीच नसतात. सर्व जण ती वापरतात आणि सर्व जण ती घाण करतात. जेथे कोणाचेही घर नाही तीच जागा ज्याने घर सोडले होते त्या पुरुषाने आपली मानली.

गावोगाव खराटा

महाराजांची एखाद्या गावी येण्याची रीत ठरलेली होती. कीर्तनाची वार्ता आधी फुटलेली असे. लोक सजविलेल्या गाडीची अथवा पालखीची वाट पाहत असत. इकडे सकाळीच एक फाटका मनुष्य वेशीपासून रस्ता झाडीत येई. कोणी त्यास वेडा म्हणे, कोणी हटकी. तो काही न बोलता केरकचरा गोळा करी, तुंबलेली गटारे मोकळी करी, देवळापुढील जागा लख्ख करी. हळूहळू तरुण मंडळी लाजून अथवा कुतूहलाने कामास लागत. सायंकाळी दिवे लागले, गर्दी जमली, आणि तोच फाटका मनुष्य कीर्तनास उभा राहिला म्हणजे लोक चकित होत. दिवसभर गावाचे रस्ते झाडावयाचे व रात्री गावाची मने झाडावयाची, असा हा दुहेरी उद्योग होता.

कीर्तनाची तऱ्हाही आगळी. पूर्वरंग, उत्तररंग, संस्कृत वचने यांचा तेथे पसारा नव्हता. शुद्ध वऱ्हाडी बोली, समोरच्या माणसांस सरळ प्रश्न, त्यांच्याच तोंडून त्याचे उत्तर, आणि मधूनमधून गोपाळाच्या नामाचा गजर. कर्ज काढून लग्न करू नका, देवास कोंबडे-बकरे मारू नका, दारूस शिवू नका, मुलास शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, गाव स्वच्छ ठेवा, एवढेच त्या कीर्तनाचे सार. हजारो माणसे ते ऐकत रात्र रात्र बसून राहत. पाया पडू पाहणाऱ्यास ते पाया पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. कीर्तन आटोपले की सत्कारासाठी थांबण्याऐवजी ते पुढच्या गावी निघून जात.

पंढरीचे वाळवंट

पंढरपूर तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. तेथून जी चंद्रभागा वाहते तीच भीमा होऊन आपल्या अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिणेकडून गाणगापुरास जाते. तेव्हा महाराजांच्या पंढरपुरातील कार्याची कथा आपणां दुधनीकरांस परकी वाटू नये.

आषाढी-कार्तिकीस लाखो वारकरी पंढरीस जमतात. नामाच्या गजराने वाळवंट भरून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाळवंट उष्टी, पत्रावळी व घाण यांनीही भरून गेलेले असते. महाराज वारीस येत, परंतु विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहत नसत. ते वाळवंटात खराटा घेऊन झाडीत राहत. त्यांच्या मागे त्यांस मानणाऱ्या स्त्रीपुरुषांची फळी असे. विठ्ठलावर त्यांचा राग होता असे नव्हे. देवळाच्या पायरीपाशी दर्शनाविना परतणारी जी माणसे होती, तीच आपला देव असे ते मानीत. येथे स्मरण ठेवावे की विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. ज्यांस देवळात प्रवेश नव्हता त्यांस गावात उतरावयासही जागा मिळत नसे. पावसात, उघड्यावर, नदीच्या काठी ती कुटुंबे राहत.

त्यांच्यासाठी महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे तेथेच मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रीही धर्मशाळा उभ्या राहिल्या. यात्रेकरूस छप्पर, पाणी व स्वच्छ जागा मिळाली तर तो उघड्यावर घाण करणार नाही, हा साधा व्यवहार त्यामागे होता. नुसते झाडून भागत नाही, घाण होण्याचे कारण दूर केले पाहिजे, हे त्या निरक्षर पुरुषाने ओळखले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येत आणि त्यांचे नातलग पदपथावर दिवस काढीत. त्यांच्यासाठी १९५४ साली तेथेही धर्मशाळा झाली. त्याच परंपरेत पुढे दादर येथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी धर्मशाळा चालविण्यात आली.

निःसंगता

या कामी लोकांनी दिलेला पैसा लाखांच्या घरात होता. त्यातील एक पैही महाराजांनी आपल्या कुटुंबासाठी ठेवली नाही. धर्मशाळा विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या आणि आपल्या नात्यागोत्यातील कोणाचाही त्यांवर हक्क असू नये असे बंधन घातले. कुंताबाई कष्टात व गरिबीतच राहिल्या. या माउलीचे नाव आपल्या सभांतून फारसे घेतले जात नाही. ते घेतले गेले पाहिजे, कारण महाराजांच्या त्यागाचा अर्धा भार तिने उचलला.

१९२३ साली त्यांचा तरुण पुत्र गोविंद मृत्यू पावला. महाराज त्या वेळी कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे होते. वार्ता कळली, क्षणभर थांबून त्यांनी कीर्तन पुढे चालविले. यात त्यांचे हृदय कठोर होते असे मानण्याचे कारण नाही. रोज शेकडो घरांत मुले मरतात, त्या सर्वांसाठी ज्याने अश्रू राखून ठेवले त्यास आपल्या एकट्याच्या घरासाठी कीर्तन मोडता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांस अपार आदर होता व बाबासाहेबही त्यांस मानीत. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा असाच स्नेह. कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्थेतर्फे १९५४ साली कऱ्हाड येथे जे महाविद्यालय काढले त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यास सही करता येत नव्हती त्याच्या नावाने महाविद्यालय निघाले. पुढे अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचेच नाव देण्यात आले. प्रबोधनकार ठाकरे व गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी त्यांची चरित्रे लिहिली.

अखेरचे दिवस

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि पसरलेल्या कार्यास एक व्यवस्था लाभली. शरीर थकले होते, तथापि भ्रमंती थांबली नव्हती. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असून ते आजही ऐकावयास मिळते. आपल्या घरातील मुलांस ते एकदा तरी अवश्य ऐकवावे. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर महाराजांनी देह ठेवला. घरात नाही, मठात नाही, रस्त्यावर. आयुष्यभर ज्या रस्त्यांची सेवा केली त्यांपैकीच एका रस्त्याने त्यांस अखेरची जागा दिली. अमरावतीस गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे.

वारसा कोणाचा?

आता आम्ही एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपली ही संस्था जातीची आहे आणि ही स्मरणिकाही जातीची आहे. महाराज आपल्या जातीत जन्मले याचा आपणांस अभिमान वाटतो. परंतु ज्यांनी स्वतःची जात सांगण्याचे टाळले, त्यांची जात आपण मोठ्याने सांगावी, यात विसंगती नाही काय? ती आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रक्ताचा वारसा म्हणून महाराजांवर आपला काडीचाही हक्क नाही; तो हक्क त्यांनी आपल्या पोटच्या मुलांसही दिला नाही. मग आपल्यापाशी उरतो तो एकच मार्ग, कामाचा वारसा घेण्याचा. जो खराटा हाती घेईल तो त्यांचा, मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि जो नुसता तसबिरीस हार घालील तो परीट असला तरी त्यांचा नव्हे.

यावर आपल्यातील काही सुशिक्षित तरुण एक शंका घेतात, आणि ती अगदी वाजवी आहे. ते म्हणतात, आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा मळ काढला. आता कोठे आम्ही शिकलो, कचेरीत लागलो, दुकाने घातली. आणि तुम्ही पुन्हा आमच्या हाती खराटा देता? या शंकेत आपल्या समाजाची जुनी जखम आहे. तिची हेटाळणी करणे योग्य होणार नाही.

तिचे उत्तर असे की, जे काम जन्माने लादले जाते ते ओझे होय, आणि जे मनुष्य आपखुशीने उचलतो ते व्रत होय. परटाने गावाची धुणी धुवावीत हे गावगाड्याने लादले होते. गाव झाडण्याचे काम गावाने आणखी कोणा बांधवांवर लादले होते. महाराजांनी परटाचे काम केले नाही. जे काम त्यांच्या वाट्यास आलेले नव्हते, तेच त्यांनी स्वतः होऊन उचलले, आणि अशा रीतीने त्या कामावरील जातीचा शिक्काच पुसून टाकला. त्या काळी इतरत्रही काहींनी ही वाट धरली होती. सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते झाडले. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गांधीजींनी स्वतः झाडू घेतला. आणि अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, तेव्हा उच्च जातीच्या बंद्यास ते काम देता येत नाही, या सबबीवर ते नाकारण्यात आले. त्यासाठी त्यांस अन्नत्याग करावा लागला व येरवड्याहून गांधीजींनीही त्यांस साथ दिली. घाण काढण्याचा हक्क मिळविण्यासाठी उपास करावा लागतो, यावरून ते काम जातीशी किती घट्ट बांधलेले होते हे ध्यानी येते. महाराजांनी ही गाठ कोणाची परवानगी न मागता सोडली.

आपल्या सीमाभागातील लोकांस याचे एक जुने उदाहरण ठाऊक आहे. आपल्या कितीतरी घरांत मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. कन्नड मुलखातील आपल्या व्यवसायबंधूंस मडिवाळ म्हणतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत मडिवाळ माचिदेव हे थोर शरण होऊन गेले. त्यांचे जन्मस्थान देवर हिप्परगी, आजच्या विजयपूर जिल्ह्यात, आपल्यापासून फार दूर नाही. वस्त्रे धुण्याचे काम हेच त्यांचे कायक, म्हणजे हीच त्यांची पूजा. शरणांच्या त्या मंडळीत धोब्यास प्रधानाच्या बरोबरीचे स्थान होते. माचिदेवांनी वाट्यास आलेले काम पूजेच्या पदवीस नेले. गाडगे महाराजांनी वाट्यास न आलेले काम आपण होऊन घेतले. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. दुधनीच्या माणसास हे दोन्ही पूर्वज आपले वाटावेत.

आपले कर्तव्य

शासनाने २००० साली महाराजांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान आरंभिले व महाराष्ट्रातील अनेक खेडी त्यामुळे पालटली. १९९८ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०१४ पासून देशभर स्वच्छतेची मोहीम चालली. हे सर्व चांगलेच झाले. तथापि अशा मोहिमांचा एक दोषही आम्ही पाहत आलो आहोत. एक दिवस सर्व जण नवे झाडू घेऊन उभे राहतात, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी तोच कचरा नगरपरिषदेच्या सफाई कामगाराच्या वाट्यास येतो. महाराजांनी ज्या दिवशी झाडले त्या दिवशी कोणी छायाचित्रकार बोलाविला नव्हता.

दुधनी हे व्यापाराचे गाव. सोलापूर-वाडी लोहमार्गावरील आपले स्थानक, धान्याचा बाजार, अक्कलकोट आणि गाणगापूर या दोन क्षेत्रांमधील यात्रेकरूंची ये-जा, यामुळे परगावचा मनुष्य येथे नित्य येतो. घरे आपण झाडतोच. प्रश्न आहे तो घराच्या उंबऱ्यापासून पुढे सुरू होणाऱ्या जागेचा. प्रत्येक गल्लीत अशी एखादी जागा असते की जेथे प्रथम कोणी एकाने केर टाकला, मग दुसऱ्याने टाकला, आणि कालांतराने ती उकिरड्याचीच जागा होऊन बसली. ती आपली नाही असे प्रत्येक घर म्हणते. महाराजांच्या हिशेबाने तीच पहिल्याने आपली.

यास्तव सभासद कुटुंबांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. पाच-सहा घरांनी मिळून अशी एकच जागा निवडावी. आठवड्यातून एक सकाळ तेथे द्यावी. केवळ झाडून थांबू नये. तेथे केर का साठतो हे पाहावे. कुंडी नसेल तर नगरपरिषदेकडे अर्ज करून ती बसवून घ्यावी. भिंतीस चुना लावावा. जागा स्वच्छ झाल्यावर तेथे कडुनिंब वा करंज लावावा, कारण सुशोभित जागेवर केर टाकताना मनुष्याचा हात सहसा धजत नाही. आपला मुलूख कोरडा. झाड लावणे सोपे, चैत्र-वैशाखात त्यास घागरभर पाणी घालणे अवघड. ज्या घरी ती घागर भरली जाईल त्या घरी महाराजांची खरी पुण्यतिथी झाली असे आम्ही म्हणू. कामात पुरुषांनी आणि मुलग्यांनी पुढे असावे. घरचे झाडणे जसे आपण लेकीसुनांवर टाकले तसे बाहेरचेही टाकू नये.

आणखी एक गोष्ट. सेवेच्या नावाखाली कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवू नये. हाताने मैला उचलण्यास लावणे हे १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही अशा टाक्यांत गुदमरून माणसे मरतात आणि ती बहुधा त्याच जुन्या जातींची असतात. जेथे यंत्र हवे तेथे यंत्रच मागावे. सफाई कामगार दारी आला तर त्यास पाणी विचारावे, त्याच्या मुलांस आपल्या मुलांच्या पंगतीत बसवावे. महाराजांच्या पंगतीत कोणाची जात विचारली जात नव्हती, तेव्हा आपल्याही पंगतीत ती विचारली जाऊ नये.

शाळकरी मुलाचा तो प्रश्न, या संतांच्या हाती खराटा का, त्यास आता उत्तर देता येईल. महाराजांनी आपल्या मागे ना घर ठेवले, ना गादी, ना शिष्य. खराटा तेवढा ठेवला, आणि तोही कोणा एकाच्या स्वाधीन केला नाही. जो उचलील त्याच्यासाठी ठेवला. येत्या २३ फेब्रुवारीस जयंतीच्या सभेपूर्वी आपण सर्वांनी सकाळी लवकर, सहकुटुंब, आपापल्या गल्लीत तो हाती घ्यावा आणि मग मंडपात येऊन तसबिरीस हार घालावा, एवढीच सर्व समाजबंधू व भगिनींस आमची नम्र विनंती आहे.